हाताखाली डोळा

मुलांनो, एवढा परिच्छेद वाचून झाला की अंक खाली ठेवा आणि जरा दाराबाहेर जाऊन या. कर्जतकडचे असाल तर माथेरानच्या डोंगराकडे बघा, खालापूर-चौककडचे असाल तर इर्शाळगडाकडे. डोंगर दिसत नसेल तर लांबचं एखादं झाड चालेल. पण तोंड उजेडाच्या बाजूला हवं. सूर्याकडे मात्र थेट बघायचं नाही हं!

आलात? डोळ्यांवर ऊन आलं तेव्हा काय केलंत? कपाळाशी हात आडवा धरलात ना? शाब्बास! तुम्ही नकळत एक चिनी अक्षर करून दाखवलंत. वर हात, खाली डोळा. त्या अक्षराचा अर्थ आहे 'बघणे'!

हे अक्षर मला आमच्या वर्गातल्या एका मुलामुळे भेटलं. जत्रेत घेतलेल्या खेळण्याच्या खोक्यातून त्याला एक चिनी कागद मिळाला. तो घेऊन आला नि म्हणाला, "बाई, हे काय लिहिलंय?" बाईंना सगळं येतं, असं लहान मुलांना वाटतं. मला तर त्यातलं एक अक्षरही येत नव्हतं! घरी जाऊन मोबाइलवर शोधत बसले आणि जे पहिलं ओळखू आलं, ते हेच.

आधी ते काढायला शिकू या. खालचा डोळा सोपा आहे. एक उभा चौकोन काढा आणि त्याच्या आत दोन आडव्या रेघा. तीन खणांचं कपाट झालं की नाही? फार पूर्वी हा डोळा खऱ्या डोळ्यासारखा आडवा काढत. पुढे तो उभा झाला. आता वरचा हात. आधी छोटी तिरकी रेघ, तिच्याखाली दोन आडव्या रेघा, आणि मग वरून निघून डावीकडे खाली झुकणारी लांब रेघ. या रेघेच्या कुशीत डोळ्याचं कपाट बसतं. हाताच्या चार आणि डोळ्याच्या पाच, मिळून नऊ रेघा. हात आधी, डोळा नंतर. हा क्रमही ठरलेला आहे.

उच्चार 'खान'. पण आवाज वरून झपकन खाली आणायचा, आई दरडावून "बस!" म्हणते ना, तसा. चिनी भाषेत सूर बदलला की अर्थ बदलतो. एका बाबतीत मात्र तुम्ही भाग्यवान आहात. तिथे 'क' आणि 'ख' यांतला फरक फार महत्त्वाचा. याच सुरात 'खान' म्हटलं तर बघणे, आणि 'कान' म्हटलं तर काम करणे! इंग्रजी बोलणाऱ्यांना हा फरक मुद्दाम शिकावा लागतो. आपण तो बाराखडीतच शिकलेलो असतो.

आणखी एक सोय बघा. मराठीत 'मी बघतो', 'ती बघते', 'आम्ही बघितलं', 'तू बघशील' अशी केवढी रूपं! चिनीत 'मी' म्हणजे 'वो' आणि 'ती' म्हणजे 'था'. 'वो खान', 'था खान'. क्रियापद तेच. काल की उद्या, ते वेगळा शब्द घालून सांगायचं.

"मग झालं की बाई, आलं आम्हाला!" असं म्हणाल. थांबा! मलाही तसंच वाटलं होतं. वहीत लिहून टाकलं : खान = बघणे. पुढे वाक्यं वाचायला लागले आणि फसले. 'शू' म्हणजे पुस्तक. मग 'खान शू' म्हणजे पुस्तकाकडे नुसतं बघायचं? नाही, मनातल्या मनात वाचायचं! 'पिंग' म्हणजे आजार. डॉक्टर रोग्याला तपासतात तेही 'खान पिंग', आणि रोगी दवाखान्यात दाखवायला जातो तेही 'खान पिंग'. म्हणजे क्रियापद एकटं भेटून कळत नाही. ते कोणाच्या सोबतीने येतं, ते पाहावं लागतं.

पण पुढे मात्र मी हसतच सुटले. 'श्यांग' म्हणजे विचार करणे आणि 'थिंग' म्हणजे ऐकणे. 'श्यांग-श्यांग खान' म्हणजे विचार करून बघ! 'थिंग-थिंग खान' म्हणजे ऐकून बघ! अहो, हे तर आपल्या घरातलंच बोलणं! आपण 'चाखून बघ', 'करून बघ' म्हणतो, तेव्हा डोळ्यांनी कुठे बघायचं असतं? दोन भाषा इतक्या लांबच्या, आणि दोघींनी 'बघ'ला एकाच कामाला लावलं!

आता शेवटची गोष्ट. हेच अक्षर, पण आवाज खाली न आणता उंचावर सरळ धरून 'खान' म्हटलं, तर अर्थ होतो राखणे, सांभाळणे. घर सांभाळायला, मूल सांभाळायला तेच अक्षर. इथे मी वही मिटली. मला आमच्या वर्गातली एक मुलगी आठवली.

ती कातकरी वाडीवरून येते. घरी कातकरी बोलतात, शाळेत पुस्तकातली मराठी. एकदा मला कार्यालयात जायचं होतं. मी तिला म्हटलं, "जरा वर्गाकडे बघ हं, मी आलेच." परत आले तर वर्गात नुसता गोंधळ! दोघांची मारामारी, खडूंचा चुरा. आणि ही आपली जागेवर शांत बसलेली. मी रागावले, "तुला बघायला सांगितलं होतं ना?" डोळ्यांत पाणी आणून ती म्हणाली, "बघतच होते की, बाई."

खरंच, ती बघतच होती! माझ्या 'बघ'चा अर्थ 'सांभाळ' होता, आणि तो तिला कोणी शिकवलेलाच नव्हता. मी मात्र समजले, की हिचं लक्ष नसतं. चिनी अक्षरापुढे मी स्वतः पहिलीतली झाले, तेव्हा कुठे मला माझी चूक दिसली. दुसऱ्या दिवशी तिला जवळ बोलावून सांगितलं, "त्या दिवशी तू बरोबर होतीस. चुकले मी." ती क्षणभर माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मग बाई, 'वर्ग सांभाळ' म्हणायचं ना!"

परकी भाषा माणसांमधूनच कशी शिकायची, हे आपल्या एका मराठी डॉक्टरांनी दाखवून दिलं आहे. डॉ. द्वारकानाथ कोटणीस. जन्म सोलापूरचा, १९१० सालचा. डॉक्टरीचं शिक्षण मुंबईत. मुंबईहून सोलापूरला जाणारी रेल्वे आपल्या कर्जतवरूनच बोरघाट चढते बरं का! जपानने चीनवर हल्ला केल्यावर १९३८ मध्ये भारतातून पाच डॉक्टर चीनला गेले, त्यांत ते होते. रोग्याचं दुखणं रोग्याच्याच भाषेत कळायला हवं, म्हणून ते चिनी बोलायला आणि लिहायला शिकले. तिथल्या विद्यार्थ्यांना त्यांनी चिनीतून वैद्यक शिकवलं. 'खान पिंग' हे शब्द रोज त्यांच्या कानांवर पडत असतील. १९४२ मध्ये, अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, तिथेच त्यांचं निधन झालं. त्यांच्या मुलाचं नाव होतं यिनह्वा. 'यिन' म्हणजे भारत आणि 'ह्वा' म्हणजे चीन!

आता तुमचं काम. वहीत हे अक्षर काढा. त्याच्याखाली मराठीतल्या 'बघ'चे जितके अर्थ सापडतील तितके लिहा. 'वाट बघ', 'नीट बघ', 'बघ हं, सांगून ठेवते'... दहा तरी सापडतीलच. आणि तुमच्या वर्गात वेगळी बोली बोलणारं कोणी असेल, तर 'बघ'ला त्यांच्या घरी काय म्हणतात, ते विचारा. विचारा, हसू नका.

पालकांनो, तुमच्याशीही एक शब्द. मूल सांगितलेलं ऐकत नाही असं वाटलं, तर रागावण्याआधी एकदा विचारा, "मी काय सांगितलं, ते तुला काय कळलं?"

विचारून तर बघा!