लिगामेंटचं ऑपरेशन: दुखायचं थांबलं म्हणजे गुडघा बरा झाला?

कबड्डीत चढाई करणारा झटकन वळतो. पाऊल मॅटवर रुतून राहतं, वरचं शरीर फिरतं आणि गुडघ्यात ‘कट्’ असा आवाज येतो. दोन-चार तासांत गुडघा टम्म फुगतो. कुणी धडकलेलं नसतं, म्हणून घरी निदान होतं ते असं: ‘मुरगळला असेल, शेक दे, जाईल चार दिवसांत.’

गुडघ्याच्या मधोमध असलेल्या ‘अँटिरिअर क्रूशिएट लिगामेंट’च्या, म्हणजे एसीएलच्या, बहुतेक दुखापती धक्क्याविनाच होतात. धावता धावता थांबताना, दिशा बदलताना, उडीनंतर एका पायावर उतरताना त्या होतात. गुडघा इतक्या लवकर फुगतो याचा अर्थ बहुधा सांध्यात रक्त साचलं आहे. ही खूण शेक देऊन घालवण्यासारखी नाही.

पुढचा गैरसमज एक्स-रे काढल्यावर होतो. ‘रिपोर्ट नॉर्मल आहे, हाडाला काही नाही’ हे खरंच असतं. पण एक्स-रेमध्ये हाडं दिसतात, लिगामेंट दिसत नाही. अनुभवी डॉक्टर गुडघा किंचित वाकवून, मांडी एका हाताने धरून, नडगी दुसऱ्या हाताने पुढे ओढून पाहतात. ती प्रमाणाबाहेर पुढे सरकली, की संशय पक्का होतो. मग एमआरआयमध्ये लिगामेंट आणि गुडघ्यातल्या गाद्या, म्हणजे मेनिस्कस, दोन्ही कळतात. गुडघा सुजून ताठ झाला असेल तर हाताने करायची तपासणी नीट होत नाही. सूज उतरल्यावर ती पुन्हा करून घ्यावी.

‘आमच्या गावच्या हाडवैदाने मालिश करून लिगामेंट जुळवलं’ असं सांगणारे खोटं बोलत नसतात. गुडघ्याच्या आतल्या कडेचं लिगामेंट, एमसीएल, सांध्याच्या बाहेर असतं. बऱ्याचदा ते ब्रेस आणि विश्रांतीवर आपोआप भरून येतं, आणि श्रेय मालिशला मिळतं. एसीएल मात्र सांध्याच्या आत, तिथल्या द्रवात असते. तुटलेल्या टोकांवर रक्ताची गुठळी टिकत नाही, त्यामुळे ती पूर्वीसारखी घट्ट जुळेल याची खात्री धरता येत नाही. ताज्या दुखापतीवर जोरकस मालिश आणि गुडघा ओढून वाकवणं तर धोक्याचंच.

मग एसीएल तुटली की ऑपरेशन हवंच का? इथे दोन्ही टोकांची मतं ऐकू येतात आणि दोन्ही अपुरी आहेत. स्वीडनमध्ये १२१ तरुण, खेळत्या रुग्णांवर अभ्यास झाला; तो २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्यांचं लवकर ऑपरेशन केलं. उरलेल्या ५९ जणांना आधी व्यायाम आणि गरज भासली तरच ऑपरेशन. दोन वर्षांनी दोन्ही गटांच्या गुडघ्यांची स्थिती सारखीच निघाली. दुसऱ्या गटातल्या २३ जणांना तोवर ऑपरेशन लागलं होतं, पाच वर्षांत हा आकडा ३० झाला. म्हणजे जवळपास निम्म्यांचं ऑपरेशनविना भागलं. उलट ब्रिटनमधल्या २०२२ च्या अभ्यासात दुखापत जुनी होऊन ज्यांचा गुडघा वारंवार निसटत होता, त्यांना ऑपरेशनचाच जास्त फायदा झाला. त्यामुळे वयाच्या चाळिशीवर किंवा एमआरआयच्या एका ओळीवर निर्णय होत नाही. जिना उतरताना, वळताना गुडघा दगा देतो का, तुम्हाला पुन्हा काय करायचं आहे आणि गादी फाटली आहे का, हे पाहावं लागतं. गादीचा तुकडा अडकून गुडघा सरळच होत नसेल, तर फार थांबता येत नाही. बाकी वेळी सूज उतरू देणं, गुडघा पूर्ण सरळ होऊ देणं आणि मांडीचे स्नायू जागे करणं हे आधी. गरम, ताठ गुडघ्यावर घाईने ऑपरेशन केलं, तर तो आखडून बसण्याची भीती असते.

‘लेझरने करतात, चिरफाड नाही, चार दिवसांत घरी.’ यातलं घरी जाण्याचं तेवढं खरं. लेझरचा इथे संबंध नाही. हे दुर्बिणीचं ऑपरेशन आहे. टोकियोत केंजी ताकागी यांनी १९१८ मध्ये मृतदेहाच्या गुडघ्यात मूत्राशय तपासायची दुर्बीण घालून पाहिली. त्यांचेच शिष्य मासाकी वातानाबे यांनी १९६२ मध्ये दुर्बिणीतून गादीचा फाटलेला भाग काढला, तिथून हे तंत्र उभं राहिलं. भोकं लहान असतात, पण आत होणारं काम लहान नसतं.

तुटलेली एसीएल सहसा शिवत नाहीत, तिच्या जागी नवी उभारतात. त्यासाठी बहुधा रुग्णाचाच कंडरा घेतात: मांडीच्या मागचा, गुडघ्याच्या वाटीखालचा किंवा वाटीच्या वरचा. मांडीमागचे दोन कंडरे घेतले तर ते दुमडून चारपदरी करतात. ही जुडी निदान आठ मिलिमीटर जाड व्हावी असा सर्जनचा प्रयत्न असतो. मग मांडीच्या हाडात आणि नडगीच्या हाडात त्याच जाडीचे बोगदे पाडतात. मूळ एसीएल जिथे चिकटलेली होती, नेमक्या त्या ठशावर बोगद्याचं तोंड उघडलं पाहिजे. काही मिलिमीटरची चूक झाली, तर गुडघा वाकवताना नवं लिगामेंट ताणलं तरी जातं किंवा सैल तरी राहतं. जुडी बोगद्यातून ओढून वरच्या बाजूला हाडाबाहेर छोट्या धातूच्या बटणावर अडकवतात, खालच्या बाजूला बहुधा स्क्रूने घट्ट करतात. हे बटण-स्क्रू त्रास देत नसतील तर काढावे लागत नाहीत.

ऐकणाऱ्यांच्या डोक्यात याची गल्लत गुडघा बदलण्याच्या ऑपरेशनशी होते आणि ‘आता जन्मभर मांडी घालता येणार नाही’ ही धास्ती बसते. इथे सांधा तुमचाच राहतो. हालचाल पूर्ण परत आली की बहुतेकांना मांडी घालता येते, उकिडवं बसता येतं. गादी शिवली असेल तर काही महिने खोल वाकायची मनाई असते, ती मात्र पाळायलाच हवी.

ऑपरेशननंतर पाय जितका हलवू नये तितकं बरं, हा समज जुन्या वैद्यकातूनच आला आहे. पूर्वी खरोखर कित्येक आठवडे प्लास्टर घालत. अमेरिकेतले सर्जन डोनाल्ड शेलबर्न यांच्या लक्षात आलं, की सूचना मोडून लवकर हालचाल करणाऱ्या रुग्णांचे गुडघे आज्ञाधारकांपेक्षा चांगले होताहेत. १९९० मध्ये त्यांनी ते मांडलं आणि जगभर प्लास्टर मागे पडलं. आज बहुतेकांना पहिल्या एक-दोन दिवसांत वॉकर किंवा कुबड्यांवर उभं करतात.

पहिल्या पंधरवड्यातलं सगळ्यात महत्त्वाचं काम म्हणजे गुडघा पूर्ण सरळ करणं. घरोघरी मायेने गुडघ्याखाली उशी सरकवतात. बरं वाटतं, कारण वाकलेल्या गुडघ्यात ताण कमी असतो. पण त्याच अवस्थेत तो आखडतो. उशी हवी तर टाचेखाली ठेवा, गुडघा अधांतरी राहून आपल्या वजनाने खाली सरळ होऊ द्या. सोबत मांडीचा पुढचा स्नायू आवळायचा. सुजलेल्या गुडघ्याचा हा स्नायू मेंदूचं ऐकेनासा होतो आणि मांडी बघता बघता बारीक होते. पोटरी दुखून सुजली किंवा ताप आला, तर मात्र व्यायाम थांबवून लगेच डॉक्टरांना दाखवा.

सगळ्यात महागात पडणारा गैरसमज यानंतरचा. दोन-तीन महिन्यांत दुखणं जातं, चाल सरळ होते, माणूस स्कूटर चालवू लागतो. ‘झालो की बरा!’ आत काय चाललेलं असतं? बसवलेल्या कंडऱ्याचा रक्तपुरवठा काढतानाच तुटलेला असतो. त्यातल्या पेशी आधी मरतात, मग नव्या रक्तवाहिन्या शिरतात, नव्या पेशी येतात आणि हळूहळू त्याचं लिगामेंट होत जातं. या उलथापालथीत, साधारण दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात, तो बसवल्या दिवसापेक्षाही कमजोर असतो. नेमका तेव्हाच गुडघा दुखत नसतो. म्हणून पोरं सोसायटीच्या आवारात ‘फक्त दोन ओव्हर’ खेळायला उतरतात आणि पुन्हा एमआरआयच्या रांगेत येतात.

नॉर्वेतल्या २०१६ च्या अभ्यासात दिसलं, की खेळात परतणं नऊ महिन्यांपर्यंत जितकं लांबवलं, तितका पुन्हा दुखापतीचा धोका दर महिन्याला सुमारे निम्म्याने घटला. कॅलेंडरही पुरेसं नाही. मांडीची ताकद चांगल्या पायाच्या निदान ९० टक्के आहे का, एका पायाच्या उड्या दोन्हीकडे सारख्या पडतात का, हे मोजून बघायला हवं. २०१४ मध्ये अनेक अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा ८१ टक्के लोक कुठल्या ना कुठल्या खेळात परतले होते, पण स्पर्धात्मक खेळात ५५ टक्केच. क्रिकेटपटू ऋषभ पंतच्या गुडघ्याच्या लिगामेंटचं ऑपरेशन जानेवारी २०२३ मध्ये मुंबईत झालं आणि तो मैदानात उतरला मार्च २०२४ मध्ये. त्याची दुखापत मोठी होती हे खरं, पण देशातल्या उत्तम सोयी हाताशी असूनही चौदा महिने लागले. कॉलेजच्या खेळाडूला चार महिन्यांत निवड चाचणीला बोलावणाऱ्या प्रशिक्षकांनी हे ध्यानात घ्यावं.

नवं लिगामेंट बसलं म्हणजे पुढे संधिवात होणार नाही, असंही नाही. दुखापतीच्या क्षणी कूर्चा आणि गादीला बसलेला मार ऑपरेशन पुसून टाकत नाही. वजन आणि मांडीची ताकद सांभाळणं जन्मभराचं आहे.

ऑपरेशनची तारीख ठरवताना सर्जनना आणखी दोन प्रश्न विचारा: फिजिओथेरपी कुणाकडे आणि किती महिने? खेळायला परवानगी कोणत्या चाचण्यांवर देणार? विम्याची पॉलिसीही उघडून पाहा. ऑपरेशननंतरचा खर्च अनेकदा ठरावीक दिवसांपुरताच मिळतो आणि फिजिओ त्यापुढे कित्येक महिने चालते. ते पैसे आणि तो वेळ आधीच बाजूला काढा, मगच तारीख घ्या.