भूत की माणूस?

सावंतवाडीजवळच्या आकेरीतला जुना वाडा, मालवणी बोली आणि अण्णा नाईकांच्या मृत्यूमुळे एका छपराखाली आलेलं कुटुंब. 2016 मध्ये झी मराठीवर आलेल्या ‘रात्रीस खेळ चाले’ची मांडणी भक्कम होती. तरीही रहस्यकथा म्हणून ती लंगडली, आणि त्याचं खापर भुतांवर फोडण्यात अर्थ नाही. कोकणातल्या गोष्टीत भूत असणारच. अडचण अशी की, घडतंय ते भूत करतंय की घरातलंच कुणी, याबद्दल मालिकेने महिनोन्‌महिने दोन्ही शक्यता खुल्या ठेवल्या. मग कुठल्याच खुणेला किंमत राहत नाही. रात्री बंद खोलीतून आवाज आला, तर तेव्हा कोण कुठे होतं याचा हिशेब प्रेक्षकाने मांडायचा तरी कशाला? रोनाल्ड नॉक्स या इंग्रज लेखकाने 1929 मध्ये रहस्यकथेचे दहा नियम सांगताना अलौकिक कारणांना मज्जाव केला, तो वाचकाला तर्काची संधी मिळावी म्हणूनच. मालिकेतल्या विसराळू पांडूचं ‘इसरलंय’ घराघरांत पोचलं. पेरलेल्या खुणांबाबत मालिकेचंही बऱ्याचदा तेच झालं.

गंमत म्हणजे 2019 चा दुसरा भाग भूतकाळात गेला आणि जास्त रंगला. अण्णांचा शेवट ठाऊकच होता. उरलं ते अण्णा आणि त्यांची प्रेयसी शेवंता तिथवर कसे पोचले हे पाहणं, आणि माधव अभ्यंकर व अपूर्वा नेमळेकर यांनी ते जिवंत केलं. ‘देवमाणूस’ या मालिकेतही डॉक्टरच खुनी आहे, हे लपवलेलं नव्हतं. म्हणजे आपले लेखक माणसं उभी करण्यात कमी पडत नाहीत. कमी पडते ती कोड्याची बांधणी.

यावर निर्माते म्हणतील, टीआरपीवर लांबी ठरते, मग शेवट आधी कसा ठरवायचा? शिवाय उत्तर दिलं की प्रेक्षक उठून जातो. अमेरिकेतल्या ‘ट्विन पीक्स’मध्ये लॉरा पामरचा खुनी कळल्यावर प्रेक्षक घटले आणि 1991 मध्ये मालिका बंद पडली. पण तिथे उत्तर मिळाल्यावरही गोष्ट पुढे ओढली गेली, हे विसरून चालणार नाही. टीआरपीची सबब खरी आहे, पण पुरी नाही. 2017 मध्ये झी युवावर आलेली, गिरीश जोशींनी लिहिलेली ‘रुद्रम’ही दैनंदिन मालिकाच होती. मुक्ता बर्वेची रागिणी आपल्या माणसांच्या मृत्यूमागचा एकेक धागा शोधत जाते, आणि काही महिन्यांत तिचा शोध पुरा होताच मालिकाही थांबली.