बंदी घातलेली रॅकेट परत आली कशी?

ऑक्टोबर १९७७. दक्षिण फ्रान्समधलं एक्स-आँ-प्रोव्हान्स. अर्जेंटिनाचा गिलेर्मो विलास त्या वर्षी मातीच्या कोर्टवर हरायचंच विसरला होता. फ्रेंच ओपन त्यानं जिंकली होती. तेव्हा फॉरेस्ट हिल्सला मातीवरच खेळली जाणारी यूएस ओपनही त्याचीच. मातीवर सलग ५३ विजय नावावर असताना तो इथल्या अंतिम फेरीत उतरला आणि समोर उभा होता रुमानियाचा इली नस्तासे. नस्तासेनं पहिले दोन सेट ६-१, ७-५ असे घेतले. तिसरा सेट झालाच नाही, कारण विलास सामना सोडून निघून गेला. नस्तासेच्या वाह्यातपणाचे किस्से तेव्हा जगभर प्रसिद्ध होते, पण त्या दिवशी विलासचा राग नस्तासेवर नव्हता. तो त्याच्या हातातल्या रॅकेटवर होता.

त्या रॅकेटला ‘स्पॅगेटी रॅकेट’ असं नाव पडलं होतं. ती जन्माला घातली वेर्नर फिशर या जर्मन माणसानं. तो पेशानं बागायतीतला, रॅकेटच्या धंद्याशी त्याचा काही संबंध नव्हता. साध्या रॅकेटमध्ये उभ्या आणि आडव्या तारा एकमेकींच्या वरून-खालून विणलेल्या असतात. फिशरनं ही वीणच काढून टाकली. आडव्या तारा मोजक्याच ठेवल्या आणि त्यांच्या दोन्ही अंगांना उभ्या तारांचा एकेक स्वतंत्र थर ताणला. तारांवर प्लॅस्टिकच्या नळ्या चढवल्या. चेंडू आदळला की उभ्या तारांचा अख्खा थर बाजूला सरके आणि पुन्हा जागेवर येताना चेंडूला गरकन फिरवून सोडे. चेंडू जाळ्यावरून उंच जाऊन अचानक खाली कोसळायचा आणि टप्पा पडल्यावर कुठं उसळेल याचा नेम नसायचा. त्यात रॅकेटचा नेहमीचा टणक आवाजही येत नसे, त्यामुळे समोरच्याला फटक्याचा जोर कानानं ओळखण्याची सोयही राहत नसे.

त्याच वर्षी यूएस ओपनमध्ये मायकल फिशबाख नावाच्या फारशा कुणाला माहीत नसलेल्या अमेरिकन खेळाडूनं अशाच रॅकेटनं माजी विजेत्या स्टॅन स्मिथला घरी पाठवलं होतं. नस्तासेची गंमत तर पुढचीच. एक्सच्या थोडंच आधी पॅरिसमध्ये तो स्वतः या रॅकेटपुढे हरला होता आणि त्यानं भरपूर आदळआपट केली होती. मग त्यानं तीच रॅकेट हातात घेतली.

आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघानं लगोलग तात्पुरती बंदी घातली आणि १९७८मध्ये ती कायम केली. तोवर टेनिसच्या नियमांत रॅकेट म्हणजे काय याची व्याख्याच नव्हती! चेंडूचं वजन, जाळ्याची उंची, कोर्टाच्या रेषा सगळं इंचाइंचानं ठरलेलं, आणि मारायचं हत्यार मात्र मोकळं. आता नियम आला: तारांची वीण सपाट आणि सगळीकडे सारखी हवी, तारा एकमेकींत गुंफलेल्या हव्यात. लांबी-रुंदीच्या मर्यादाही पुढे आल्या. आज रॅकेट २९ इंचांपेक्षा लांब असून चालत नाही.

प्रकरण मिटलं, असं सगळ्यांना वाटलं.

पुढची वीस वर्षं चर्चा झाली ती चौकटीची, म्हणजे फ्रेमची. जिमी कॉनर्स स्टीलची विल्सन टी-२००० घेऊन खेळत होताच. त्या रॅकेटची मूळ कल्पना फ्रान्सच्या रने लाकोस्तची, ज्याच्या शर्टावर मगर असते तोच. हॉवर्ड हेड या अमेरिकन अभियंत्यानं ११० चौरस इंचांच्या मोठ्या डोक्याची प्रिन्स रॅकेट काढली. लोक आधी हसले. मग १९७८मध्ये सोळा वर्षांची पॅम श्रायव्हर तीच रॅकेट घेऊन यूएस ओपनच्या अंतिम फेरीत पोचली आणि हसणं थांबलं. ग्रॅफाइट आलं, लाकूड गेलं. लाकडी रॅकेटनं पुरुष एकेरीचं ग्रँड स्लॅम जिंकणारा शेवटचा खेळाडू म्हणजे यानिक नोआ, पॅरिस, १९८३. ब्योर्न बोर्गला हे पटलं नसावं. १९९१मध्ये पुनरागमनासाठी तो माँटे कार्लोला उतरला तो लाकडी रॅकेट घेऊनच, आणि जोर्दी आरेसेकडून सरळ दोन सेटमध्ये हरला.

या धामधुमीत तारा मात्र जवळजवळ होत्या तिथंच होत्या. मोठे खेळाडू जनावराच्या आतड्यापासून बनवलेली तार वापरत, नॅचरल गट. ल्योंचं बाबोला घराणं वाद्यांच्या तारा बनवता बनवता १८७५मध्ये टेनिसच्या तारांकडे वळलं. पहिली विम्बल्डन व्हायला तेव्हा अजून दोन वर्षं होती. गट लवचिक असते, हाताला सुखावते, ताण टिकवून धरते. पण महाग, लवकर झिजणारी आणि ओल्या हवेचं वावडं असलेली. मुंबईच्या जुलै महिन्यात ती वापरायची म्हणजे पैशांचा चुराडाच. पीट सॅम्प्रासचा तिच्यावर इतका जीव होता की तो बारीक गट ७५ पौंडांच्या आसपास कडक ताणून घेई. त्याची रॅकेट ८५ चौरस इंचांची विल्सन प्रो स्टाफ, तीही कॅरिबियनमधल्या सेंट व्हिन्सेंट बेटावरच्या कारखान्यातली. कारखाना बंद झाल्यावरही त्याला तिथल्याच रॅकेट हव्या असत. वर शिशाच्या पट्ट्या चिकटवून तो ती अशी जड करी की क्लबच्या खेळाडूला तिनं एक सेट खेळणंही जिवावर यावं.

मग १९९७चं पॅरिस आलं. जागतिक क्रमवारीत ६६वा असलेला, दौऱ्यावर एकही मोठं एकेरी विजेतेपद न मिळवलेला ब्राझीलचा गुस्तावो कुएर्तेन फ्रेंच ओपनला आला. विस्कटलेले कुरळे केस, निळा-पिवळा पोशाख, चेहऱ्यावर सदा हसू. त्यानं १९९५चा विजेता थॉमस मुस्टर, गतविजेता येवगेनी काफेल्निकोव्ह आणि अंतिम फेरीत दोन वेळचा विजेता सर्जी ब्रुगेरा अशा तिघांना हरवून कप उचलला. लेखणी सरसावून बसलेल्या पत्रकारांनी त्याच्या एकहाती बॅकहँडवर लिहिलं, पोशाखावर लिहिलं. तारांकडे फारसं कुणी पाहिलं नाही. त्या तारा होत्या लक्झिलॉन या बेल्जियन कंपनीच्या, पॉलिएस्टरच्या. ही कंपनी मुळात कृत्रिम धाग्यांची. वैद्यकीय धाग्यांपासून स्त्रियांच्या अंतर्वस्त्रांपर्यंत तिचा माल जाई.

पॉलिएस्टरमध्ये असं काय होतं? ते ताठ असतं आणि गुळगुळीत असतं. गटच्या तारा घासून घासून एकमेकींत रुततात आणि जागा सोडली की तिथंच अडकून बसतात. जुने खेळाडू दोन गुणांच्या मध्ये बोटांनी तारा सरळ करताना दिसत ते म्हणूनच. पॉलिएस्टरची उभी तार आडव्या तारेवरून सहज घसरते. चेंडू तारांवर असतो जेमतेम चार-पाच हजारांश सेकंद. तेवढ्यात उभ्या तारा बाजूला सरकतात आणि सोडलेल्या प्रत्यंचेसारख्या झपकन जागेवर येतात. येताना त्या चेंडूला वरच्या बाजूला फिरवतात.

म्हणजे तेच. १९७७मध्ये नळ्या आणि दुहेरी थर लावून जे घडवलं जात होतं तेच आता नियमात बसणाऱ्या, गुंफलेल्या, सपाट विणीत नुसत्या तारेच्या स्वभावामुळे घडू लागलं. महासंघानं रचनेवर बंदी घातली होती. धागा कशाचा हवा याबद्दल नियमपुस्तकात एक अक्षरही नव्हतं. अर्थात स्पॅगेटीइतका बेफाम फेर नव्या तारांनी येत नाही, पण चालण्याची पद्धत तीच आहे.

खेळाडूंना कळायला वेळ लागला नाही. २००२मध्ये आंद्रे अ‍ॅगासीचा नवा प्रशिक्षक डॅरेन केहिल यानं त्याला या तारांकडे वळवलं. तेव्हा अ‍ॅगासीचं वय ३२ आणि सात ग्रँड स्लॅम पदरात. त्यानं त्या वर्षी रोम जिंकलं. आत्मचरित्रात त्यानं या बदलाचं वर्णन भारावून केलं आहे. सॅम्प्रास बदलला नाही. २००२ची यूएस ओपन जुन्याच हत्यारावर जिंकून तो थांबला, आणि मोठ्या डोक्याची रॅकेट कधी वापरून पाहिली नाही याची खंत त्यानं निवृत्तीनंतर बोलून दाखवली.

जॉन यांडेल या अमेरिकन अभ्यासकानं वेगवान कॅमेऱ्यानं फटके टिपून चेंडूचे फेरे मोजले. सॅम्प्रास आणि अ‍ॅगासीच्या फोरहँडवर चेंडू मिनिटाला १८०० ते १९०० फेरे घेत होता. रॉजर फेडररचा आकडा २७०० आणि राफाएल नदालचा सरासरी ३२००. एखादा फटका तर ४९००पर्यंत गेलेला. सगळं श्रेय तारांना देणं मात्र अन्यायाचं होईल. नदालचा दंड आणि डोक्यावरून फिरणारा त्याचा फटका बाजारात मिळत नाही. विम्बल्डननंही २००१मध्ये गवताचं वाण बदललं आणि पुढच्याच वर्षी अंतिम फेरीत ह्यूइट आणि नालबांडियान असे दोघेही मागच्या रेषेवरून खेळणारे आले. तरीही जाळ्याजवळ जाऊन खेळणारे कमी झाले यात तारांचा वाटा मोठाच आहे. पुढे आलेल्याच्या पायाशी चेंडू बुडवणं एवढं सोपं झाल्यावर पुढे कोण जाणार? विलासचा मातीवरच्या सलग ५३ विजयांचा विक्रम २००६मध्ये मोडला तो नदालनंच, पॉलिएस्टरच्या तारांनी. एक्सच्या त्या दुपारी ज्या गोष्टीनं विलासची घोडदौड अडवली, तिच्याच धाकट्या भावानं त्याचा विक्रमही नेला.

पॉलिएस्टर हाताला कठोर आणि ताण पटकन सोडणारं. म्हणून मिश्र तारा आल्या. फेडरर उभ्या तारा गटच्या आणि आडव्या लक्झिलॉनच्या लावत असे. नोव्हाक जोकोविचचीही मांडणी याच धर्तीची, पण विणीत फरक. बाजारात बहुतेक रॅकेट १६ उभ्या-१९ आडव्या किंवा १८-२० अशा असतात. त्यानं १८-१९ अशी आडवळणाची वीण पसंत केली. सेरेना विल्यम्सही मिश्र तारांचीच. नदाल आणि कार्लोस अल्काराझ मात्र पूर्ण पॉलिएस्टरवाले.

ताणाचं गणित उलटं वाटतं. तारा सैल तर चेंडू जास्त उडतो, आवळ तर ताबा जास्त मिळतो. बोर्ग ८० पौंडांपर्यंत जाई; रात्री हॉटेलच्या खोलीत त्याच्या रॅकेटच्या तारा आपोआप तुटत, असं सांगतात आणि त्या ताणाला ते अशक्यही नाही. आज यानिक सिनर २८ किलोच्या आसपास ताणून घेतो, हल्लीच्या मानानं कडकच. दुसऱ्या टोकाला फ्रान्सचा आद्रियाँ मानारिनो, दहा-बारा किलोंवर. एवढ्या सैल जाळीनं चेंडू कोर्टात ठेवणं हेच नवल. शिवाय हवा बघायची: उन्हात आणि माद्रिदसारख्या उंचावरच्या गावात चेंडू सुसाट जातो म्हणून ताण वाढवायचा, थंड रात्री जड होतो म्हणून कमी करायचा.

हे सगळं सांभाळतो तो तारा ओढणारा कारागीर. प्रत्येक मोठ्या स्पर्धेत त्यांची वेगळी खोली असते आणि सामना चालू असतानाही रॅकेट तिथं धावत जाते, पंधरा-वीस मिनिटांत तयार होऊन परत येते. फेडररसाठी काम करणाऱ्यांत नेट फर्ग्युसन आणि रॉन यू ही नावं या धंद्यात मानानं घेतली जातात. फेडरर एका सामन्याला आठ-नऊ रॅकेट ताज्या ताणून घेई. चेंडू पहिल्या सात गेमनंतर आणि पुढे दर नऊ गेमनंतर बदलतात. कित्येक खेळाडू त्याच वेळी रॅकेटही बदलतात, तार शाबूत असली तरी. आठ-दहा रॅकेट नेऊनही उपयोग नाही, जर खेळाडू गोरान इव्हानिसेविच असेल. ब्रायटनला २००० साली त्यानं एका सामन्यात आपल्या सगळ्या रॅकेट मोडल्या आणि खेळायला काही उरलं नाही म्हणून त्याला बाहेर पडावं लागलं.

फ्रेमबद्दल एक गोष्ट कंपन्या मोठ्यानं सांगत नाहीत. दूरचित्रवाणीवर दिसणारी रॅकेट अनेकदा दुकानातली नसतेच. खेळाडूला पंधरा-सोळाव्या वर्षापासून सवयीचा झालेला जुना साचा असतो, त्यावर दर दोन वर्षांनी नव्या मॉडेलचा रंग चढतो. अँडी मरेच्या हातात दिसायची हेडची ‘रॅडिकल’, पण रंगाखाली होता मुस्टरच्या काळातल्या ‘प्रो टूर’चा वंश. जाहिरात नव्याची, भरवसा जुन्यावर. खेळाडूचा हट्ट समजण्यासारखा आहे. ग्राहकाला मात्र यात कुणी विचारत नाही. उघडपणे बदललेला फेडरर या बाबतीत सरळ वाटतो. २०१३मध्ये विम्बल्डनच्या दुसऱ्याच फेरीत तो स्टाखोव्हस्कीकडून हरला, त्यानंतर हॅम्बुर्ग आणि ग्श्टाडला मोठी रॅकेट घेऊन चाचपडला, आणि २०१४पासून ९० चौरस इंचांवरून ९७वर गेला. २०१७च्या ऑस्ट्रेलियन ओपनच्या अंतिम सामन्यात नदालच्या उसळत्या चेंडूंवर त्याचा बॅकहँड पाचव्या सेटपर्यंत टिकला, त्यात त्या सात चौरस इंचांचा हात होताच.

फेडररच्या नावानं विकली जाणारी ती रॅकेट तारांशिवायच ३४० ग्रॅमची होती. सर्वसाधारण क्लबच्या खेळाडूला ३०० ग्रॅमही भरपूर. २०१८ ते २०२३ या काळात पुण्यात बालेवाडीला महाराष्ट्र ओपन व्हायची, तेव्हा कट्ट्यावर बसून खेळाडूंच्या पिशव्या न्याहाळणारी मुलं घरी जाऊन नदालच्याच तारा मागत असतील तर नवल नाही. बारा-तेरा वर्षांच्या मुलाच्या रॅकेटला त्या न लावणं बरं. तो त्या तोडणार नाही, महिनोन्महिने तशाच वापरेल, तोवर त्यांचा ताण गेलेला असेल आणि उरेल तो फक्त ताठपणा, जो थेट कोपराला जातो. व्यावसायिक खेळाडू त्या तारा एका सामन्यापुरत्या वापरून कापून टाकतात. मुलासाठी मऊ, अनेक पदरी कृत्रिम तार घ्यावी, तारा ओढणाऱ्याला ताण थोडा कमीच ठेवायला सांगावं आणि तार तुटायची वाट न बघता काही महिन्यांनी ती बदलावी.