खुब्याची उखळी

सातारा आणि सांगली जिल्ह्यांतील कृष्णाकाठच्या गावी बाजाराच्या दिवशी एक दृश्य हमखास दिसते. डोक्यावर पाटी आणि कडेवर मूल घेऊन एखादी माउली झपझप चालत असते. मुलाच्या मांड्या तिच्या कमरेच्या दोहों बाजूंस फाकलेल्या असतात. या साध्या रीतीत आरोग्याचे एक तत्त्व दडलेले आहे.

मांडी जेथे धडास जोडलेली असते, त्या सांध्यास खुबा म्हणतात. मांडीच्या हाडाचे वरचे टोक चेंडूप्रमाणे गोल असून ते कमरेच्या हाडातील वाटीसारख्या खळग्यात बसते. म्हणून यास उखळीचा सांधा असे नाव आहे. खळग्याची खोली, त्याच्या काठावरील कूर्चेची कड, बळकट अस्थिबंध आणि भोवतालचे स्नायू या गोळ्यास जागीच धरून ठेवतात. म्हणूनच तालमीतला मल्ल प्रतिस्पर्ध्यास कमरेवर पेलतो, तरी त्याचा खुबा सहसा निखळत नाही.

तान्ह्या बाळाची गोष्ट निराळी असते. त्याचा खळगा बराचसा मऊ कूर्चेचा असतो. गोळा आत नीट बसलेला असला, म्हणजे खळगा त्याच्याभोवती हळूहळू खोल होत जातो. परंतु काही बाळांचा खळगा उथळ आणि अस्थिबंध सैल असतात. मग गोळा जागेवरून सरकतो. मुलींत, पायाळू बाळांत आणि घराण्यात हा दोष असल्यास त्याचा संभव अधिक असतो. बाळास वेदना होत नाहीत, ते रडत नाही. म्हणून दोष ध्यानी येत नाही. मूल चालू लागले, की ते लंगडते, तेव्हा कोठे तो उघडकीस येतो.

इटलीतील बालवैद्य मारिनो ऑर्टोलानी यांनी १९३७ साली बाळाच्या मांड्या अलगद फाकवून हा दोष ओळखण्याची रीत वर्णिली. आजही डॉक्टर ती वापरतात. दोष लवकर कळल्यास मांड्या फाकलेल्या ठेवणारे पट्टे काही आठवडे बांधून बहुधा सांधा सुधारतो. उशीर झाल्यास शस्त्रक्रिया करावी लागते.

पाय सरळ ताणून बाळास दुपट्यात करकचून गुंडाळणे मात्र घातक होय. जपानमध्ये १९७५ च्या सुमारास ही चाल सोडण्याचा प्रचार झाला आणि असे खुबे पुष्कळच कमी झाले. बाळाचे पाय मोकळे असावेत आणि मान धरल्यावर त्यास खुशाल कडेवर घ्यावे. एक पाय आखूड दिसला किंवा एक मांडी कमी फाकली, तर विलंब न करता डॉक्टरांस दाखवावे. धाकट्या भावंडांस खेळविणाऱ्या मुलामुलींनीही एवढे ध्यानी ठेवावे.