कळ दाबली, पण अक्षर कोणते?

संगणकाच्या कळफलकावर आपण 'क' उमटवतो तेव्हा कळफलक 'क' पाठवतो का? नाही. अमुक जागेवरची कळ दाबली गेली, एवढीच खबर तो देतो. अक्षर ठरते ते नंतर, आपण निवडलेल्या मांडणीनुसार.

पडद्यावर खिडकी उघडणे, कळा-माऊसच्या घडामोडी कळवणे अशी कामे करणारा 'जीएलएफडब्ल्यू' नावाचा तयार आज्ञावलींचा संग्रह आहे. त्यात यासाठी दोन वेगळ्या सूचना येतात. एक कळीची: दाबली, धरून ठेवली, सोडली. तिच्यात कळीचे नाव अमेरिकी मांडणीतल्या जागेवरून असते. दुसरी अक्षराची, तिच्यात युनिकोड क्रमांक येतो. ही विभागणी मला फार शहाणपणाची वाटते.

इनस्क्रिप्ट मांडणीत 'रक्त' लिहून पाहा. कळा चार: जे, के, डी, एल. क्रमांकही चार: र, क, हलन्त, त. पडद्यावर मात्र अक्षरे दोनच, र आणि क्त! जोडाक्षर घडवणे या संग्रहाचे कामच नाही. ते टंक आणि अक्षरांची जुळणी करणारी दुसरी आज्ञावली करते.

शुद्धलेखनाचा खेळ कळीच्या सूचनेवर बेतला, तर अचूक 'रक्त' लिहिणारी मुलगीही त्यात चुकलेली ठरेल. खेळाला दिसणार फक्त 'जेकेडीएल'. उलट, कळ धरून गाडी पळवायच्या खेळात कळीचीच सूचना हवी. कळ सोडल्याची खबर अक्षराच्या सूचनेत येतच नाही.