सहलीतील रात्र आणि शिक्षक

राजूरमार्गे भंडारदऱ्यास मुक्कामी येणाऱ्या शालेय सहलींना १९२६ साली पूर्ण झालेले धरण, रंधा धबधबा आणि १,६४६ मीटर उंचीचे कळसूबाई शिखर यांचे दर्शन घडते. मुलांचा हा आनंद खराच. पण शिक्षकांची कसोटी दिवस मावळल्यावर लागते.

१ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूडच्या समुद्रात पुण्याहून सहलीस गेलेले १४ महाविद्यालयीन विद्यार्थी बुडाले. अशा दुर्घटनेनंतर शाळा संमतिपत्रांचा आधार शोधतात. परंतु पालकाची सही शिक्षकाला जबाबदारीतून मुक्त करीत नाही; आपले मूल त्याच्या स्वाधीन केल्याची ती खूण असते. निजण्यापूर्वी हजेरी घेतली की कर्तव्य संपले, असे मानणे घातक होय. पाळीपाळीने जागरण, मुलींसोबत शिक्षिका, आजारी मुलाची औषधे, जवळच्या दवाखान्याची माहिती आणि अंधारात पाण्याकडे वा कड्याकडे कोणी जाणार नाही याची दक्षता, ही त्या कर्तव्याची अंगे होत.

मात्र दिवसभर बसमध्ये मुले सांभाळून थकलेले दोनच शिक्षक रात्रभर जागणार कसे? पुरेसे शिक्षक पाठविणे हे संस्थाचालकांचे कर्तव्य आहे. ते जमत नसेल, तर सहल एका दिवसाचीच असावी.