हरिसा कोणाच्या खात्यावर?

गहू, मांस, पाणी आणि चवीपुरतं मीठ. आर्मेनियन लोकांच्या हरिसात याहून फारसं काही नसतं. सडलेले गहू आणि कोंबडीचं वा मेंढीचं मांस मंद आचेवर रात्रभर शिजवायचं, आणि गहू कुठला नि मांस कुठलं हे ओळखू येईनासं होईपर्यंत घोटत राहायचं. वरून लोण्याचा गोळा. हैदराबादचा हलीम चाखलेल्यांना हे नातं लगेच उमगेल. तोही अरबांच्या हरीसचाच वंशज, आपल्याकडे येऊन मसालेदार झालेला.

या साध्या पदार्थामागे मात्र १९१५ सालची आठवण आहे. ऑटोमन सरकारचा हद्दपारीचा हुकूम आला तेव्हा मुसा दाग डोंगराच्या कुशीतली आर्मेनियन खेडी मुलाबाळांसह वर चढली आणि लढली. अखेर फ्रेंच युद्धनौकांनी चार हजारांवर माणसं पोर्ट सैदला सुखरूप नेली. आजही आर्मेनियात दर सप्टेंबरात त्यांच्या स्मरणार्थ मोठमोठ्या हंड्यांत रात्रभर हरिसा घोटतात, ढोल वाजवतात आणि येईल त्याला वाढतात.

२०११ मध्ये युनेस्कोनं जवळजवळ असाच 'केश्केक' तुर्कस्तानच्या नावे नोंदवला. आर्मेनियन चिडले, ते स्वाभाविकच होतं. २०१४ मध्ये त्यांची लवाश रोटी नोंदली गेली, तर २०१६ मध्ये अझरबैजान, इराण, तुर्कस्तान आदींनी मिळून आपलीही नोंदवून घेतली! खातं कोणाच्या नावावर हे विचारण्यात माझी बँकेतली नोकरी सरली; इथं ते मला संयुक्तच दिसतं. मुसा दागच्या उतारावर, तुर्कस्तानातल्या वाकिफ्ली या आर्मेनियन खेड्यात, ऑगस्टमध्ये द्राक्षांच्या सणाला हरिसाचे हंडे अजून चुलीवर चढतात.